शेवटच्या कडव्यातले नाव

दलित साहित्याचा इतिहास लिहिताना आपण बहुधा ठरावीक तारखांपासून सुरुवात करतो. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेले पहिले दलित साहित्य संमेलन, १९६३ साली आलेला बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह, १९७२ साली प्रसिद्ध झालेला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आणि त्याच वर्षी उभी राहिलेली दलित पँथर. या तारखांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या आधीपासून आणि नंतर त्यांच्या बरोबरीने, खेड्यापाड्यांतील वस्त्यांमधून एक फार मोठी शब्दनिर्मिती चालू होती. ती ग्रंथात नव्हती, नियतकालिकात नव्हती. ती गाण्यात होती. ज्यांच्या हाती पुस्तक कधी पडलेच नाही, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचविण्याचे काम या गाण्याने केले.

ही गाणी रचणाऱ्यांना आपल्या वाङ्मयेतिहासात जागा कोणती? 'लोकशाहीर' म्हणून एक ओळ आणि 'प्रचारगीते' म्हणून एक शेरा. मी आर्णीला महाविद्यालयात इतिहास शिकवितो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या आधीच्या पिढीने बाबासाहेब वाचले नाहीत. तिने ते ऐकले. तेव्हा या 'ऐकण्या'चा इतिहास लिहिणे हे मला केवळ अभ्यासाचे काम वाटत नाही. माझ्यासारखे हजारो पहिल्या पिढीचे पदवीधर ज्या वाटेने शाळेपर्यंत आले, त्या वाटेचाच तो इतिहास आहे.

या लेखात मी एकाच माणसाचा विचार करणार आहे. तो माणूस म्हणजे वामन तबाजी कर्डक, म्हणजेच आपले वामनदादा. ज्याच्या मागे पक्ष नाही, संस्था नाही, थिएटर नाही, बांधलेला पगार नाही, असा माणूस साठ वर्षे कवी म्हणून कसा जगला आणि आपली रचना आपली आहे याचा पुरावा त्याने कुठे ठेवला, एवढाच माझा प्रश्न आहे.

वामनदादांच्या आधीची परंपरा थोडक्यात सांगितली पाहिजे. १८७३ साली महात्मा फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे या चळवळीतून सत्यशोधक जलसे निघाले. तमाशाचा साचा लोकांच्या ओळखीचा होता. जलशांनी तो घेतला, त्यातला बीभत्सपणा टाकला आणि विचार भरला. आंबेडकरी जलसे याच वाटेने पुढे आले. १९३० च्या दशकात नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांच्या जलशाने गावोगाव जागृती केली. त्यांनीच पुढे १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हा ग्रंथ लिहून त्या काळाची नोंद ठेवली. (भीमराव कर्डक कसबे सुकेण्याचे आणि वामनदादा सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. आडनाव आणि जिल्हा एक असल्यामुळे पुष्कळ विद्यार्थी दोघांत घोटाळा करतात, म्हणून ही नोंद.) आपल्या विदर्भात किसन फागूजी बनसोडे यांनी नागपुरात छापखाना काढला, पत्रे चालविली आणि कविता लिहिली. त्यांचे निधन १९४६ साली झाले. या सर्वांच्या पाठीशी काही ना काही संघटित बळ होते. जलसा हा मंडळीचा असे. त्यात लिहिणारा एक, सोंग घेणारे दुसरे, झीलकरी तिसरे. बनसोडे यांच्या हाती स्वतःचा छापखाना होता.

वामनदादांजवळ यातले काहीच नव्हते. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. पोटासाठी मुंबईला आले, गिरणीत आणि कोळशाच्या वखारीत राबले, मिळेल ते काम केले. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहत असताना ते समता सैनिक दलात होते. तोपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले, वाचता येईना, आणि त्या अपमानाने ते कळवळले, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात येते. देहलवी नावाच्या गृहस्थांनी त्यांना मुळाक्षरे शिकविली. पुढचे शिक्षण त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचून केले. म्हणजे वयाच्या विशीत अक्षरे गिरविणारा हा माणूस १९४३ साली गाणे रचू लागला. पहिली रचना एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन होते.

चालीच्या या गोष्टीवर थोडे थांबले पाहिजे. कारण पांढरपेशी समीक्षेने नाक मुरडले ते येथेच. सिनेमाच्या चालीवर गाणी बांधतात, यात काव्य कसले, असे विचारले गेले. मुळात हा प्रश्न विचारणाऱ्यांनी वस्तीतला कार्यक्रम पाहिलेला नसतो. ज्या वस्तीत एक पेटी, एक ढोलकी आणि चार गळे एवढेच भांडवल आहे, तेथे नवी चाल बसवायला लागणारा वेळ कोणाजवळ असतो? दिवसभर निंदण-खुरपण करून आलेल्या माणसाला शब्द नवे आणि चाल ओळखीची मिळाली, तर तो त्याच रात्री ते गाणे उचलतो आणि दुसऱ्या दिवशी शेतात म्हणतो. ओळखीची चाल ही या गाण्याची बैलगाडी होती. तिच्यावर माल कोणता लादला, हे पाहायचे. आणि पुढे वामनदादांनी गझलेचा आकृतिबंधही सहज हाताळला, स्वतंत्र चालीही दिल्या, हे त्यांची पुस्तके उघडणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आता त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न. याच काळात मुंबईत दुसरे एक मोठे शाहिरी केंद्र होते. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यांच्या कर्तृत्वाविषयी मला नितांत आदर आहे. परंतु त्या कलापथकाला कम्युनिस्ट पक्षाचा आणि कामगार संघटनांचा आधार होता, हेही खरे. वामनदादांनी चित्रपटाचे दारही पाहिले होते. 'सांगत्ये ऐका' (१९५९) या गाजलेल्या चित्रपटासाठी त्यांनी गीत लिहिले. त्या वाटेने ते पुढे गेले असते तर बरा पैसा मिळाला असता. ते गेले नाहीत. मग त्यांना पोसले कोणी?

त्यांना पोसले जयंतीने. हे विधान मी जबाबदारीने करतो. १४ एप्रिल, वैशाखातली बुद्धपौर्णिमा, धम्मदीक्षेचा दिवस आणि ६ डिसेंबर असे एक नवे पंचांग आपल्या समाजाने स्वतःच्या हाताने तयार केले. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी संपते, पऱ्हाट्या उपटल्या जातात, मजुराच्या हाती चार पैसे आणि थोडी उसंत असते, अशा वेळी एप्रिल येतो. उन्हाची काहिली दिवसा कोणाला बाहेर पडू देत नाही. म्हणून कार्यक्रम रात्रीचा. घरटी वर्गणी होते, कोणी पैसे देतो, कोणी पायलीभर ज्वारी देतो. विहारापुढे मंडप पडतो. गायकाची बिदागी त्या वर्गणीतून निघते, त्याचे जेवण कोणाच्या तरी घरी होते, अंथरूण दुसऱ्याच्या ओट्यावर पडते. महाराष्ट्रभर हीच रीत. राजाश्रयाचा आणि धनिकाश्रयाचा इतिहास आपण पुस्तकात शिकतो. भूमिहीन मजुरांनी वर्गणी करून कवी पोसला, हा आश्रय मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला आढळला नाही.

या आश्रयाला मर्यादाही होत्या. मृगाचा पाऊस पडला की कार्यक्रम थांबले, कारण वर्गणी देणाराच पेरणीला गेलेला असे. गळा बसला तर बिदागी नाही. म्हातारपणाची तरतूद नाही. वामनदादांचा पहिला गीतसंग्रह 'वाटचाल' १९७३ साली निघाला. गीतरचनेला सुरुवात केल्यानंतर तब्बल तीस वर्षांनी. त्यानंतर 'मोहळ' १९७६ साली आणि 'हे गीत वामनाचे' १९७७ साली आले. आत्मकथन 'माझ्या जीवनाचं गाणं' १९९६ साली. पहिली तीस वर्षे हा कवी छापील पानावाचून जगला. त्या तीस वर्षांत त्याचे गाणे कोणाच्या हाती होते?

याचे उत्तर मला वह्यांमध्ये मिळाले. आर्णीच्या आसपासच्या गावांमधून मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी जुन्या गाण्यांच्या वह्या पाहावयास सुरुवात केली. कोणी भजनी मंडळात होता, कोणी जयंतीला पेटी वाजवी, कोणी फक्त हौशी. शाळेची वही, जाड दोऱ्याने शिवलेली, पहिल्या पानावर निळ्या शाईने बुद्धवंदना, मग गाणी. एक गाणे पाच वह्यांत सापडले तर पाचही ठिकाणी थोडे वेगळे. मधले कडवे एकाकडे आहे, दुसऱ्याकडे नाही. एका शब्दाच्या जागी आपला वऱ्हाडी शब्द आलेला आहे. उतरवून घेणारा कार्यक्रमात बसून ऐकता-ऐकता लिहीत असे, त्यामुळे हे होणारच. परंतु एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. मधली कडवी गळाली तरी शेवटचे कडवे सहसा गळालेले नाही. कारण त्या कडव्यात कवीचे नाव आहे. 'वामन' हा शब्द लिहिला गेला की गाणे पुरे झाले, अशी उतरवून घेणाऱ्याची समजूत दिसते.

ही नाममुद्रेची रीत जुनी आहे. अभंगात ती आहे, शाहिरी कवनात आहे, गझलेच्या मक्त्यात आहे. आर्णीला अरुणावतीच्या काठी बाबा कंबलपोश यांचा दर्गा आहे. उरुसाला सर्व जातिधर्मांचे लोक जमतात. कव्वालीचा ठेका आणि टाळी आमच्या भागातल्या कानाला परकी नाही. विदर्भात भीमगीतांचा कार्यक्रम पुष्कळदा कव्वालीच्या 'जंगी मुकाबल्या'च्या रूपाने होतो, त्याचे एक कारण हेही असावे. कव्वालीतही रचणाऱ्याचे नाव शेवटी येते आणि जाणकार श्रोता त्या नावाला दाद देतो. तेव्हा शेवटी नाव ऐकण्याची सवय आमच्या श्रोत्याला दोन्ही बाजूंनी होती.

परंतु आपल्या दृष्टीने या रीतीचा अर्थ वेगळा आहे. चोखामेळ्याचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते. ते खरे असो वा नसो, अस्पृश्याचा शब्द कागदावर यायचा तर दुसऱ्याचा हात लागे, एवढे त्यातून स्पष्ट होते. ज्याचा कागद नाही, त्याने आपले नाव कुठे ठेवावे? त्याने ते शब्दातच गुंफले. सोयराबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांच्या अनेक अभंगांत नाममुद्रा येते ती 'चोख्याची महारी' अशी. नवऱ्याचे नाव आणि जातीचे नाव, यांच्यामधून तिला आपली सही करावी लागली. या पार्श्वभूमीवर शिवडीच्या चाळीत पाट्या वाचून अक्षरे शिकलेला माणूस आपले नाव स्वतःच्या हाताने शेवटच्या कडव्यात लिहितो आणि पुढे एका संग्रहाच्या शीर्षकातच ते नाव घालतो, ही साधी घटना नव्हे. जातीची ओळख न लावता, कोणाचा दास न म्हणवता, नुसते नाव. सहाशे वर्षांच्या अंतराने झालेली ही दुरुस्ती आहे.

व्यवहारातही या नावाने काम केले. नोंदणी नाही, करार नाही, प्रकाशक नाही, अशा स्थितीत गाणे कोणीही उचलावे आणि कोणीही म्हणावे. पण म्हणताना शेवटी 'वामन' म्हणणे भाग पडे, कारण यमक आणि चाल त्या नावावर टेकलेली असे. नाव काढले तर कडवे पडते. गरीब कवीचा हा स्वामित्वहक्क. कोर्टात न जाता पन्नास वर्षे तो टिकला, कारण त्याचा पहारा श्रोत्यांनी केला.

तो ढासळला ध्वनिमुद्रणाच्या बाजारात. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीत घरोघर गेले. याचा लाभ मोठा होता. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा आवाज आमच्या वस्तीतल्या चहाच्या टपरीवर दिवसभर वाजू लागला. विठ्ठल उमप यांचे गाणे अशाच वाटेने दूरवर गेले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावर असतानाच, त्यांनी प्राण ठेवला. या गायकांचे ऋण कोणी नाकारू नये. परंतु कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा आणि गीतकाराचे नाव कोपऱ्यात, हा क्रम तेव्हा सुरू झाला. नंतर सीडी आली, मग मोबाइल आला. आज जयंतीच्या मिरवणुकीत डी.जे. वाजतो. त्याला धृपद हवे असते. फार तर एक कडवे. ठेका वाढवून तेच पुन्हा पुन्हा फिरविले जाते. मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यातही तेच. शेवटच्या कडव्यापर्यंत गाणे पोचतच नाही. माझ्या वर्गातील मुलामुलींना वामनदादांची कितीतरी धृपदे पाठ आहेत. ती कोणाची, असे विचारले तर ते गायकाचे नाव सांगतात, किंवा 'भीमगीत आहे, सर' म्हणतात. यात मुलांचा दोष नाही. नाव जेथे ठेवले होते तो भागच कापला गेला आहे.

यावर आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात की, गाणे समाजाचे झाले, मग कवीचे नाव कशाला? कवीला तरी दुसरे काय हवे होते? हा युक्तिवाद वरवर उदात्त वाटतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. आपल्या कष्टाचे फळ 'सर्वांचे' आहे, हे आपल्याला फार पूर्वीपासून ऐकविले गेले आहे. विहीर खोदणारा एक आणि पाणी पिणारे दुसरे. वेठबिगारीत श्रम करणाऱ्याचे नाव कुठल्याच वहीत नसे. ब्राह्मणी परंपरेने आपल्या ग्रंथकारांची नावे, गोत्रे, गुरुपरंपरा जिवापाड जपल्या आणि आपण मात्र आपल्या कवीला 'लोक' या मोघम शब्दात बुडवावे, हे कोणत्या न्यायाने? 'लोकगीत' हा शब्द गौरवाचा आहेच; पण ज्या गाण्याचा कर्ता माहीत आहे, त्याला लोकगीत म्हणणे म्हणजे त्या कर्त्याचा हक्क काढून घेणे होय.

दुसरा आक्षेप असा की, नावाचा आग्रह धरला तर व्यक्तिपूजा वाढते. मला तसे वाटत नाही. कर्त्याचे नाव, गाव आणि वर्ष लिहिणे ही इतिहासाची पहिली पायरी आहे. हार-तुरे आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९३ साली वर्ध्याला पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वामनदादांना दिले गेले, हा सन्मान योग्यच होता. १५ मे २००४ रोजी ते गेले, २०२२ साली त्यांची जन्मशताब्दी झाली. परंतु सन्मानाने नोंद होत नाही. नोंद बसून करावी लागते.

कायदा या बाबतीत कवीच्या बाजूचा आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५७ नुसार, हक्क विकले तरी रचना आपली आहे हे सांगण्याचा रचनाकाराचा अधिकार विकला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना ध्वनिमुद्रणाच्या मानधनात वाटा दिला आणि तो वाटा वारस किंवा स्वामित्वहक्क संस्था यांच्याखेरीज इतरांच्या नावे करून देता येणार नाही, असे ठरविले. कवीच्या हयातीनंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. म्हणजे वामनदादांच्या बाबतीत २०६४ सालाच्या अखेरपर्यंत. परंतु कायद्याचा उपयोग कर्ता कोण हे ठाऊक असेल तरच. ज्याचे नाव पुसले गेले, त्याचा वाटा कोणाकडे मागायचा? आणि वामनदादा तर विख्यात. त्यांच्या मागे तालुक्या-तालुक्यात जे कवी होऊन गेले, ज्यांचा एकही संग्रह निघाला नाही, त्यांचे नाव फक्त त्या शिवलेल्या वह्यांच्या शेवटच्या कडव्यात आहे. आम्ही पाहिलेल्या वह्यांत अशी नावे आहेत. वही वाळवीने खाल्ली की तो कवी कायमचा गेला.

हे काम करता येते, याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी पुण्यातून सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव त्यांनी प्रत्येक ओवीशी जोडून ठेवले. ज्या बायांना आयुष्यात कोणी कवयित्री म्हटले नाही, त्यांची नावे आज अभ्यासकाला मिळतात. ओवी, जिच्यात बहुधा नाममुद्राही नसते, तिची जर अशी नोंद होऊ शकते, तर जयंतीच्या गाण्यांची का होऊ नये?

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांनी सुटीत आपल्या गावातल्या वह्या पाहाव्यात. वही मालकाकडेच ठेवावी, पानांचे फोटो घ्यावेत. गाणे कोणाचे, कोणी उतरविले, कोणत्या साली, कोणत्या चालीवर, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. जुना गायक हयात असेल तर त्याच्याकडून पूर्ण गाणे म्हणवून घ्यावे आणि मुद्रित करावे. जयंती मंडळांनी कार्यक्रमात गाण्यापूर्वी कवीचे नाव पुकारावे, गायकाला शेवटचे कडवे म्हणण्याची अट घालावी आणि डी.जे.वाल्यालाही तीच अट सांगावी. प्राध्यापकांनी दलित कविता शिकविताना सुरुवात १९७२ पासून न करता, १९४३ साली अक्षरे गिरवून झाल्याबरोबर गाणे रचणाऱ्या त्या तरुणापासून करावी.

आमच्याकडे या कामाला आरंभ झाला आहे. एका विद्यार्थिनीने आपल्या आजोबांच्या वहीतील सर्व गाण्यांची यादी केली आणि प्रत्येक गाण्यापुढे शेवटच्या कडव्यातले नाव लिहिले. बहुतेक ठिकाणी 'वामन' आहे. काही ठिकाणी अशी नावे आहेत की जी मी आजवर कुठे वाचलेली नाहीत. त्या नावांची माणसे कोणत्या गावची, कोण होती, त्यांचे काय झाले, हे आता शोधावयाचे आहे.